आपली पोरगी आहे का पाहतो

काकाजी रस्त्यात मधातच वाकायचे. सौंसरचं बसस्टँड असो की कोणाच्या लग्नाचा मांडव, उभी गाडी दिसली की हे गुडघ्यांवर हात ठेवून तिच्याखाली डोकावणार अन् म्हणणार, "थांब वो, आपली पोरगी आहे का पाहतो."

पोरगी म्हणजे सायलेन्सर! आमच्या कारखान्यात कार अन् पिकअपचे सायलेन्सर बनायचे. पाइप वाकवायची मशीन काकाजींची. पाइप वाकवून झाला की ते त्यावर हातोडीनं ठोकून एक टिंब उमटवायचे. आम्ही त्याला टिकली म्हणायचो. गाडीखाली टिकली दिसली की चेहरा असा फुलायचा, जणू लेक सासरी सुखात दिसली. पांढुर्ण्यात एका गाडीवाल्याला वाटलं, हा माणूस काही चोरून राहिला. त्यानं कॉलर धरली. काकाजींनी त्यालाच खाली वाकवलं अन् टिकली दाखवली. शेवटी चहा त्यानंच पाजला.

पोळ्याला ते मशीनला हार घालायचे अन् दिवसभर तिला चालवायचे नाहीत. सुपरवायझर ओरडले तर शांतपणे विचारायचे, "आज बैल जुंपते का कोणी साहेब?"

मग ती बातमी आली. बॅटरीच्या गाड्यांचा माल बनवणाऱ्या कारखान्यांना सरकार मदत देऊन राहिलं. नवीन मशिनी, माणसांना ट्रेनिंग, बाहेरच्या कंपन्यांशी टक्कर घेता येईल असं काम. आमच्या मालकानं अर्ज केला. नव्या मशिनींपायी आपलं काम जाईल म्हणून सेक्शनमधले लोक घाबरले, पण काकाजी सगळ्यांत खूश. डब्याच्या सुट्टीत एकेकाला समजावत बसायचे. धूर नाही म्हणजे चांगलंच, मोहगावच्या रोडवर संत्र्याच्या पानांवर काजळी बसणार नाही, गाड्या जास्त खपतील, आपलं काम वाढेल. "कायले भेता? गाडी कशावरही चालो, पोरगी तर लागनच."

अन् आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. आयटीआय करून आलेली मीसुद्धा! दिवसभर सायलेन्सरच पाहणाऱ्याला बिनसायलेन्सरची गाडी सुचणार तरी कशी, तुम्हीच सांगा.

मदत मंजूर झाली तेव्हा पेढे काकाजींनीच वाटले. काही दिवसांनी आम्हाला दाखवायला एक बॅटरीची कार आणली. गेटातून आत आली, पण आवाजच नाही. सगळे बोनेटकडे धावले. काकाजी मागच्या बाजूनं वाकले. मग गुडघ्यांवर बसले. मग चक्क पाठीवर झोपून खाली सरकले. आम्ही हसून हसून बेजार. कोणीतरी विचारलं, पोरगी भेटली का?

खालून आवाज आला, "इथं तर काहीच नाही गा."

इंजिनीयर साहेब सहज बोलून गेले, "धूरच नसतो ना काका. सायलेन्सर लागतच नाही."

हसू जिथल्या तिथं थांबलं. लागतच नाही म्हणजे? मग आमचं सेक्शन? काकाजी बाहेर सरकले, शर्टाची धूळ न झटकता उभे राहिले.

"अन् मीच सगळ्यायले समजावून राहिलो होतो," एवढंच म्हणाले.

ट्रेनिंग मिळालं, हे खोटं नाही. मी आता बॅटरीचे डबे तपासते. काम स्वच्छ आहे, बरं आहे. काकाजींनाही बोलावलं होतं. ते एकच दिवस आले. नव्या मशीनवर सगळं स्क्रीनवर, हात लावायचंच काम नाही. दुसऱ्या दिवशी मी फोन केला तर म्हणाले, "माह्या हाताले तिथं काहीच नाही बाई."

जुनी मशीन भंगारात निघाली त्या दिवशी मात्र ते गेटवर हजर. मशीन पिकअपमध्ये चढवली, दोर बांधले. मला वाटलं, आता ते तिला हात लावतील, रडतील. नाही. ते पिकअपच्या मागं गेले, गुडघ्यांवर हात ठेवले अन् वाकले.

"टिकली आहे," ते म्हणाले. "आपलीच पोरगी घेऊन चालली तिले."

पिकअप सुरू झाली, धूर सोडत गेटाबाहेर पडली, वळणावरून दिसेनाशी झाली. काकाजी तसेच वाकलेले. समोर नुसती जमीन होती, अन् ते तिच्याकडे पाहून राहिले होते.