घोड्यांचं गवतयंत्र

बुलढाण्यात मी ज्या घरात राहिलो त्या घराबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. मी राजापूरकडचा. शाळा चौथीतच सुटली, वडील गेले, आई मामाच्या आश्रयाला गेली आणि मामाच्या घरात माझ्या ताटाला जागा उरली नाही. मलकापूरला रेल्वेत असलेल्या एका गाववाल्याच्या भरवशावर मी वऱ्हाडात आलो. त्याची बदली झाली तेव्हा मी स्टेशनवर हमाली करत होतो. तिथून मला गवताच्या एका ठेकेदारानं उचललं आणि घाट चढवून वर आणलं. पहिल्याच पावसाळ्यात हिवतापानं मी आडवा झालो. मालकीणबाईंनी काढे पाजले, स्वतःची वाकळ माझ्या अंगावर टाकली. मालक रोज सकाळी पडवीत येऊन विचारायचे, "मेला का बे कोकण्या?" मी नाही म्हटलं की म्हणायचे, "मंग उठ. जेवाले त बरोबर उठतं." पण हाकललं नाही. दुसऱ्या कुणी हाकललं असतं.

एवढंच मला हवं होतं: या घरातून कुणी मला काढू नये. सकाळी मालकांच्या खाकरण्याचा आवाज आला की तो आज कसा आहे ते मी ऐकायचो.

साहेब लोकांच्या आणि पोलिसांच्या घोड्यांना वर्षभराचं वाळलं गवत पुरवायचं, हा मालकांचा ठेका. देऊळघाटच्या वाटेला मोठा रमणा, म्हणजे राखलेलं गवताचं कुरण, होता. दसरा झाला की देऊळघाटच्या बायका विळे घेऊन यायच्या आणि रांगेनं बसून कापत पुढं सरकायच्या. मजुरी होतीच, पण त्यांची एक जुनी रीत होती. संध्याकाळी घरी जाताना डोक्यावर पेलवेल एवढा एक भारा प्रत्येकीनं आपल्या गाई-म्हशीला न्यायचा. तो भारा मालकांच्या डोळ्यांत सलायचा. बायका ओळीनं वाटेला लागल्या की ते बांधावर उभे राहून म्हणायचे, "पाह्य, माहा रमना पायानं चालून राह्यला."

त्या वर्षी त्यांनी यंत्र आणलं. फौजेच्या घोड्यांसाठी गवत कापणारं, कुठल्याशा कुरणावर वापरून मोडीत काढलेलं. लिलावात घेतलं, रेल्वेनं मलकापूरला आलं आणि दोन गाड्यांवर बांधून घाटातून वर चढवलं. दोन लोखंडी चाकं, मधे उंचावर चाळणीसारखी भोकं असलेली लोखंडी बैठक आणि उजव्या अंगाला जमिनीलगत आडवी लांब पट्टी. पट्टीत तिकोनी पाती. चाकं फिरली की ती पाती इकडून तिकडं सरकत आणि मधे आलेलं गवत कातरीसारखं कापत. बसून गवत कापायचं, हे ऐकूनच गावातली माणसं बघायला आली.

"यंत्र भारा नेत नाई," मालक म्हणाले. विळे घेऊन आलेल्या बायकांना त्यांनी रमण्याच्या तोंडावरूनच परत फिरवलं. वरून म्हणाले, "जा, आता घरी बसून नवऱ्याच्या दाढ्या करा त्या इळ्यानं."

एक म्हातारी होती, ती हसून म्हणाली, "पयले तुमचीच करू द्या मालक. हात बसन."

सगळे हसले. मालक हसले नाहीत.

यंत्राची दशा वाईट होती. ओढायचा दांडा मोडलेला, पाती गंजून एकमेकांना चिकटलेली, काही गायबच. पात्यांना हलवणारा लाकडी दस्ता उभा चिरलेला. देऊळघाटहून एक लोहार मिस्त्री आणला. पोटानं सुटलेला, बोलघेवडा माणूस; काम कमी आणि गप्पा जास्त. बाभळीचा नवा दांडा त्यानं चांगला बसवला. पाती मात्र पहिल्यांदा गाडीच्या जुन्या धावेच्या लोखंडातून केली, ती गवताला लागताच वाकली. मग जुन्या कानशी तापवून, ठोकून दुसरी केली. मी भाता ओढायचो, एरंडेल घालून गंज खरवडायचो. आपण या यंत्राच्या इतके जवळचे व्हावं, की आपल्याशिवाय ते कुणाला उमगू नये, असं मला वाटायला लागलं होतं. कुठली पट्टी कुठल्या खिळीनं धरलेली आहे ते मी पाठ करून टाकलं.

बैल घरचेच, आणि त्यांना सांभाळणारा सालदार गडी त्याच घरात म्हातारा होत चाललेला. मालकांनी त्याला बैठकीवर बसायला सांगितलं. तो म्हणाला, "माहा हात शेपटीवर पोचत नाई तिथून. बैलाले काय समजन मागं कोन हाये ते?"

"मंग कोकण्या बसन," मालक म्हणाले, आणि माझ्याकडं वळून, "यंत्र चाललं त तू राह्यशीन. नाई चाललं त तुले रेल्वेत बसवून देतो. तुह्या समुद्रात जाऊन पड."

मी बसलो. सालदार पुढं कासरा धरून चालला. बैल त्यांच्या नेहमीच्या चालीनं निघाले आणि पाती खडखडली. हातभर गवत कापलं गेलं. पुढचं कापलं गेलं नाही, नुसतं चावलं गेलं. पात्यांत गवताचे बोळे अडकले आणि पट्टी गवत रेटत जमिनीवरून घसटत गेली. उतरून बोळे काढायचे, पुन्हा बसायचं. कुसळं धोतरातून मांडीत शिरायची. दिवसभर हेच.

मिस्त्री म्हणाला, "धार कमी पडून राह्यली." पाती काढली, धार लावली, पुन्हा बसवली. पुन्हा तेच. त्यानं परत धार लावली. आता मालक त्याच्या डोक्यावर उभे.

"तुह्या बापानं कधी पातं केलं होतं का बे? का नुसते घोड्याचे नाल ठोकले?"

"नालच ठोकले मालक," मिस्त्री म्हणाला, "म्हनून त घोड्याचं यंत्र आलं म्हणताच धावून आलो."

मालकांनी त्याची पेटी उचलून रमण्यात भिरकावली. कानशी, हातोडी, सांडशी गवतात विखुरल्या. मिस्त्री दुपारभर रांगत एकेक शोधत राहिला, आणि परतवलेल्या त्या बायका वाटेवरून जाताना थांबून बघत होत्या. "मिस्त्री, इळा देऊ का? गवत कापलं की दिसन सामान," एकीनं विचारलं. तो तिच्यावर ओरडला नाही. पेटी भरली आणि गेला, तो परत आला नाही.

त्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा मालक हात मागं धरून आले आणि माझ्या ताटात, भाकरीवर, पात्यांतून काढलेला चिवडलेल्या गवताचा बोळा ठेवला. "खा. तूच कापलेलं हाये." घरात सगळे हसले. मालकीणबाईही तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यांनीच तो बोळा उचलून बाजूला टाकला, भाकरीवरचं कुसळ झटकलं आणि वर पिठलं वाढलं. मी ते जेवलो. त्या वाढण्याचे उपकार मला आजही वाटतात, तसं कुणाला सांगितलं तर पटत नाही.

यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दिवस मावळायला आला आणि यंत्राचं तोंड घराकडं झालं, की शेवटच्या पट्ट्यात गवत साफ कापलं जायचं. तीच पाती, तीच धार. मी दोन-चार संध्याकाळी नीट पाहिलं. घराकडं, म्हणजे विहिरीजवळच्या हौदाकडं. दिवसभराचे तहानलेले बैल पाण्याच्या दिशेला तोंड झालं की आपोआप झपझप निघायचे. चाकं जोरात फिरायची, पाती जोरात सरकायची. म्हणजे यंत्र बिघडलेलं नव्हतंच. ते घोड्याच्या चालीसाठी बांधलेलं होतं, आणि आम्ही त्याला बैल जुंपत होतो.

मी धावत जाऊन मालकांना सांगितलं. त्यांच्या उपयोगाला आल्याचा आनंद एवढा होता की मला धाप लागली होती. मला वाटलं आता घोडे आणतील. पण घोडे पोसायचे तर ठेका घोड्यांनीच खाऊन टाकला असता. त्यांनी मला पहिल्यांदाच नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे कोनाले सांगतलं?"

"कुणालाच नाही."

"नको सांगू. काल सोनाळ्याचा एक कास्तकार इचारून गेला यंत्राचं. त्याले बलावतो."

तो कास्तकार यायच्या आदल्या दुपारपासून बैलांना पाणी बंद झालं. ऊन कडक होतं, आणि वैरण मात्र कोरडी, भरपूर घातलेली. मालकांनी हौदाशेजारी बाज टाकली आणि स्वतः बसून राहिले. सालदार जवळ आला, खाली बसला, उठला, पुन्हा आला.

"मालक, घोटभर पाजू द्या. जीभ वाळली त्याईची."

"उद्या पेतीन."

"उद्यापरेंत..."

"तुले तहान लागली का? तू पे. तुले कोनी नाई म्हटलं?"

सालदार प्यायला नाही. गोठ्याच्या दारात पाठ करून बसला. धाकट्या बैलानं दावं ताणून गोठ्याच्या भिंतीचा ओलसर दगड चाटायला सुरुवात केली होती, आणि त्या चाटण्याचा खरखरीत आवाज मालकांच्या बाजेपर्यंत येत होता. सकाळी सालदारानं ताटही नाकारलं. मालक म्हणाले, "बरं झालं, वाचलं."

सोनाळ्याचा कास्तकार दोन बैलांच्या हलक्या दमणीतून आला. जाडजूड, पांढऱ्या मिशांचा, गोड बोलणारा. आम्ही यंत्र रमण्याच्या दूरच्या टोकाला उभं केलं होतं, बैलांची तोंडं हौदाकडं. हौद झाडीमागं, त्याला दिसत नव्हता. मालकांनी माझ्या कानात सांगितलं, "झाडीच्या अलीकडंच वळव. पानी त्याले दिसता कामा नये."

मी कासरा सैल सोडला. बैलांना हाकावं लागलं नाही. ते माना खाली घालून पळाले आणि यंत्र असं काही वाजायला लागलं की मला वाटलं ते माझ्या खालीच उडून जाईल. मी बैठकीला दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. उजव्या अंगाला गवत आडवं पडत होतं. एका रेषेत, एका उंचीवर, सपासप. मला तेव्हा आनंद झाला. माझं यंत्र चालत होतं.

झाडीशी सालदार आधीच जाऊन उभा होता. त्यानं वेसणीला धरून त्यांना वळवायला पाहिलं. ते वळेनात. पाणी त्यांना नाकानं कळत होतं. धाकट्याच्या नाकातून रक्त आलं आणि सालदाराच्या मनगटावर ओघळलं, तेव्हा कुठं ते थांबले. कास्तकार अजून मागं, कापलेल्या पट्ट्यावर हात फिरवत होता. "वा," तो म्हणाला, "न्हाव्यानं केल्यावानी."

"अजून पाह्यचं?" मालकांनी विचारलं.

"कायले? एका पट्ट्यात कळलं. बैल त लय तेज हायेत तुमचे."

"यंत्र हलकं हाये. बैलाले वाटतच नाई." आणि त्याला चहाला घरात नेता नेता मालक सालदाराला म्हणाले, "पाज आता."

चहा मीच घेऊन गेलो. कास्तकार विचारत होता, "पन हे चालवते कोन? आमच्याकडं अशे कारखान्याचे मानसं कुठं?"

मालकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "हा हाये ना. खिळान् खिळा जानते. यंत्रासंगं यालेही घेऊन जा."

मी म्हटलं, "मालक, तुम्ही म्हणाला होतात, यंत्र चाललं तर मी राहीन."

"चाललं ना?" मालक म्हणाले. "म्हनूनच त."

कास्तकाराला वाटलं आमचं काही आपसातलं गमतीचं बोलणं आहे. तोही हसला. मालकीणबाईंनी मला वाटेत खायला भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली, आणि ती वाकळही दिली. दारापर्यंत आल्या. मी पाया पडलो. मालक घरात नव्हते. देऊळघाटला गेले होते, बायकांना परत बोलवायला. बायका आल्या आणि तो रमणा त्यांनीच कापला असं पुढं कळलं, पण संध्याकाळचा भारा त्यांना पुन्हा कधी मिळाला नाही.

घाट उतरून, पूर्णा ओलांडून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत आम्ही गाड्यांतून चाललो होतो. यंत्र बांधलेल्या गाडीवर मी बसलेला. कास्तकार दमणीतून मधेमधे विचारायचा, "आमचे बैल जरा जड हायेत. चालन ना बे?" मी "चालेल" म्हणायचो. दुसरं काही म्हणालो असतो तर तो मला तिथंच उतरवून गेला असता, आणि मागं जायला घर नव्हतं. रात्री त्यानं मला आपल्या बरोबरीनं जेवायला बसवलं. चांगला माणूस होता.

सोनाळ्याला पोचलो तेव्हा अर्धा गाव जमला होता. यंत्र खाली उतरवलं. घरातल्या बायकांनी त्याला कुंकू लावलं, मलाही लावलं. कास्तकारानं जोडी दाखवली. पाण्यावर नुकतीच जाऊन आलेली, तुकतुकीत, पोटं तट्ट भरलेली, रवंथ करत उभी. मग म्हणाला, "सांग, काय पाह्यजे तुले? उद्या सकाळी लावू कामाले."

मी रमणा कुठं आहे ते विचारलं. त्यानं हात केला. मग मी विचारलं, तुमचे बैल पाणी कुठं पितात, आणि रमण्यातून ती जागा कुठल्या बाजूला येते.

त्यानं घरच्यांकडं वळून पाहिलं. त्याचा चेहरा खुलला होता. "पाह्यलं?" तो म्हणाला. "पयले बैलाच्या पान्याचं इचारलं पोरानं."