धोंडू सुताराची उभी अक्षरं

मांडवीला होड्यांची डागडुजी करणाऱ्या धोंडू सुताराला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी १९२६ पासून रत्नागिरीतल्या कितीतरी मोठ्या जाहिराती त्याच्याच अक्षरांनी छापल्या जात. छापखान्याचे मालक आप्पा यांना भिंतीवरच्या कागदांसाठी वीतभर उंचीची अक्षरं हवी होती, आणि छपाईचे एवढे मोठे शिशाचे खिळे त्यांच्याकडे नव्हते. त्यांनी अक्षरं काढून दिली, धोंडूनं ती शिवणीच्या झाडाच्या लाकडात उलटी कोरली.

पहिली खेप फुकट गेली. बोरूच्या वळणातले बारीक भाग यंत्राखाली तुटले, आणि जाहिरातीतल्या नाटकाचं नावही एका ओळीत मावेना. मग धोंडूनं आपल्याच अकलेनं अक्षरं दोन्ही बाजूंनी दाबली, उंची तेवढीच ठेवली, आणि सगळ्या रेघा अंगठ्याएवढ्या जाड केल्या. टोकाला नक्षी नाही, काही नाही. आप्पांना ती ओबडधोबड वाटली. पण कागद भिंतीवर लागला तेव्हा रस्त्यापलीकडूनही नाव वाचता आलं, आणि आप्पांनी पुढची अक्षरंही तशीच कोरायला सांगितली.

१९२८ च्या मे महिन्यात पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीची जाहिरात निघाली. बोट एकवीस तारखेची होती. ती गेल्यावर आठवडाभरानं धोंडू बंदरावर एक मालवाहू पडाव दुरुस्त करत असताना लांज्याकडची एक म्हातारी गाठोडं घेऊन आली आणि उद्याची मुंबईची बोट कुठं लागते म्हणून विचारू लागली. येसूबाई तिचं नाव. मुलगा गिरणीत होता, सुनेचं पहिलं बाळंतपण होतं. गावात कुणीतरी कागद वाचून तिला एकोणतीस तारीख सांगितली होती.

धोंडू तिला घेऊन जाहिरातीपाशी गेला. येणाऱ्याजाणाऱ्या तिघांना त्यानं तारीख विचारली. एकानं एकवीस सांगितली, दोघांनी एकोणतीस. एक या आकड्याच्या वळशातली चिंचोळी पोकळी शाईनं बुजली होती आणि आकडा नऊसारखा दिसत होता.

"ह्ये मी कोरलंय," धोंडू म्हणाला. "चूक माझी हाय."

येसूबाईनं कागदाकडे बघितलं.

"मला सगळं काळंच दिसतं," ती म्हणाली. "पण तू तरी शिकून घे, बाबा. तुझं बघून लोक घर सोडतात."

धोंडूच्या बायकोनं, सगुणानं, तिला जेवू घातलं आणि ओळखीच्या बैलगाडीतून परत पाठवलं. नातू झाला तेव्हा ती मुंबईत नव्हती.

आप्पा म्हणाले, दोष शाईचा. धोंडूला ते पटलं नाही. शेहेचाळिसाव्या वर्षी तो त्यांच्याकडून आकडे शिकला, मग अक्षरं. शिकताना त्याच्या ध्यानात आलं की माणूस काळं वाचतो तसंच आतलं पांढरंही वाचतो. त्यानं एक आणि नऊ नव्यानं कोरले, वळसे मोकळे केले. ध आणि घ यांच्यावर तर महिना गेला. प्रत्येक नवं अक्षर छापून तो बंदरावरच्या भिंतीला लावायचा आणि बोटीवरच्या कारकुनाला लांब उभं करून वाचायला सांगायचा. कारकून अडखळला की लाकूड पुन्हा कोरायला घ्यायचा.

१९३७ च्या सुमाराला मुंबईहून शिशाची मोठी अक्षरं आली आणि छापखान्यातलं धोंडूचं काम कमी झालं. बोटीच्या तारखा मात्र आप्पा अजूनही त्याच्याच आकड्यांनी छापत. वर्तमानपत्र धोंडूनं कधी हातात धरलं नाही, फार बारीक असतं म्हणायचा. पण पाट्या वाचायचा, एकूण एक. त्याच्याबरोबर बाजारात जायचं तर सकाळ जाते, अशी सगुणाची तक्रार असे.