मुकं चीज

"मेलंय हे! वाजतच नाही!"

"दादा, सकाळी सहाला केलंय मी. अजून कोमट आहे, हात लावून बघ."

"हात कशाला लावू? तोंडात घातलं की. मुकं आहे, ठार मुकं!"

"ते मुकं नाही, तू बहिरा झालायस!"

रोमेओ गोव्रोच्या टपरीत अकरा वाजले होते. खिडकीबाहेर लाकूडगिरणीतली सात माणसं पूटीनसाठी ताटकळलेली, आत फळीवर ताज्या चीजच्या खड्यांची पिशवी, आणि पिशवीच्या दोन बाजूंना सख्खी भावंडं. बहिणीनं, गिलेननं चीज करायचं, रोमेओनं ते तळलेल्या बटाट्यांवर पसरून वर कढत रस्सा ओतला की पूटीन तयार, असं एकतीस वर्षं चाललं होतं. आणि आज रोमेओनं जाहीर केलं होतं, की उद्यापासून चीज पलीकडच्या गावातून येईल.

ताजं चीज दाताखाली कुईं करतं. एक रात्र गारठ्यात काढली की त्याची वाचा जाते, आणि मुक्या चीजचं पूटीन त्या गावात कुत्र्यालाही कुणी घालत नाही. म्हणून रोज अकराला रोमेओ सगळ्यांदेखत एक खडा चावायचा, डोळे मिटायचा आणि बोट वर करायचा. मगच बटाटे तेलात पडायचे. पाद्रीबुवांपेक्षाही त्याच्या शब्दाला वजन, कारण पाद्रीबुवाही त्याच रांगेत उभे असायचे. एकदा एका लग्नातलं चीज त्यानं नापास केलं, तर नवरीचा बाप सुटाबुटात दुसरं आणायला धावला होता.

पण यंदा मार्चमध्ये घात झाला. ऐन तरुणपणी आइस हॉकीची चकती तोंडावर झेलूनही टिकलेले रोमेओचे दात, बर्फावर ओतलेल्या मेपलच्या चिवट पाकानं धरले ते सोडलेच नाहीत. दोन तिथेच गेले, उरलेले डॉक्टरांनी उपटले. कवळी बसली. हे गुपित फक्त त्याच्या बायकोला, उगेतला ठाऊक. कवळीनं सफरचंद फुटायचं, कणीस सोलवटायचं, पण चीज काही केल्या वाजेना. दोन महिने रोमेओ अंदाजानं बोट वर करत राहिला. मग त्याची झोप उडाली. एखाद्या दिवशी शिळ्यालाच पास केलं तर? गावात तोंड कुठं दाखवायचं? त्यापेक्षा बहिणीला नापास करणं सोपं होतं.

गिलेननं पिशवी खिडकीत नेली. "घ्या रे, एकेक उचला!"

सात तोंडं चालू लागली. तेल न घातलेल्या सात बिजागऱ्या एकदम वाजाव्यात तसा आवाज झाला. रोमेओला तो सगळा ऐकू आला, हेच त्याचं दुर्दैव.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"म्हणजे कान शाबूत आहेत. तोंड उघड."

"तोंड उघडायला मी काय बाजारातला घोडा आहे?"

"घोड्याचे दात निदान स्वतःचे असतात, दादा!"

खिडकीबाहेर हशा पिकला. गिरणीतला फर्नां ओरडला, "रोमेओ, फळीवर काढून ठेव, बघू तरी कशी दिसते!"

रोमेओ बिटासारखा लाल झाला. "आहे कवळी. मग?"

"मग इतके दिवस बोट कशाच्या जिवावर वर होत होतं?"

"सवयीच्या," तो पुटपुटला आणि एप्रनची गाठ सोडायला लागला. "टपरी बंद. ज्याला स्वतःचं तोंड उरलं नाही, त्यानं दुसऱ्याला खायला घालू नये."

"अहो, सरका जरा," मागून उगेत म्हणाली. एकतीस वर्षं ती रस्सा ढवळत होती, आणि एकतीस वर्षांत तिला एक खडा चाव म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. तिनं हात पुसले, वरचा खडा तोंडात टाकला. कुईं. गिलेन भावाकडे बघून विजयानं हसली. मग उगेतनं पिशवीत कोपरापर्यंत हात घातला, तळाचा एक खडा काढला आणि चावला. पुन्हा चावला. रस्त्यावरून ट्रक गेला तो ऐकू आला, बाकी काही नाही.

"वन्सं," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "वरचं आजचं आहे. खालचं कालचं, फ्रिजमध्ये निजून आलेलं. हे असं मिसळून कधीपासून देताय आम्हाला?"

फर्नांचं चघळणं थांबलं. रोमेओ एप्रनची अर्धी सुटलेली गाठ धरून बहिणीकडे बघत राहिला.

गिलेननं फळीवरच्या आपल्या किल्ल्या उचलल्या, पिशवी तशीच सोडली, आणि रांगेच्या मधून वाट काढत तरातरा गाडीकडे निघून गेली.