नमुना प्रमाणित

तेव्हा मी दारव्हा तालुक्यात कृषी खात्यात निरीक्षक होते. दुकानांतून कीटकनाशकांचे नमुने घ्यायचे, सील करून प्रयोगशाळेत पाठवायचे, हे माझं काम.

त्या वर्षी रोजानं फवारणी करणारा एक माणूस कपाशीतच कोसळला. यवतमाळच्या दवाखान्यात मी त्याला बघायला गेले तेव्हा त्याला समोरचं धड दिसत नव्हतं. तोंडातून लाळ गळत होती आणि बायको ती पदरानं पुसत होती.

"काय फवारत होते?" मी तिला विचारलं.

"दोन औषधं, एकाच पंपात. दुकानदारच म्हणे मिसळून मारा. कपाशी डोक्याच्या वर गेलती, मॅडम. सारं अंगावरच पडून राह्यलं होतं."

चौकशी माझ्याकडेच होती; त्याच दुकानातून मी दोन्ही औषधांचे नमुने घेतले. नवव्या दिवशी तो गेला. प्रयोगशाळेचा अहवाल त्यानंतर आला: दोन्ही नमुने प्रमाणित. म्हणजे बाटलीवर लिहिलेलं तेच बाटलीत होतं. दोन्ही एकत्र केल्यावर काय होतं, हे कुणी तपासलंच नव्हतं. फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही.

त्याची बायको ऑफिसात आली. "औषध चांगलं होतं म्हणता, मंग माहा माणूस कायले मेला?"

मी म्हटलं, त्यांनी हातमोजे, मास्क, चष्मा काहीच घातलं नव्हतं. लेबलवर तसं लिहिलेलं असतं.

ती म्हणाली, "तुमी घालून पाह्यलं काय कधी?"

नव्हतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोदामातला संरक्षक किट अंगावर चढवला, पंपात नुसतं पाणी भरलं आणि त्याच शेतात शिरले. ऊन मी म्हणत होतं. पहिल्याच ओळीत चष्म्यावर वाफ धरली. मास्क घामानं भिजून नाकातोंडाला चिकटला, श्वास घेता येईना. तिसऱ्या ओळीत मी तो ओरबाडून काढला. बाहेर आले तेव्हा मानेपासून पाठीपर्यंत चिंब होते. बांधावर बसून मला रडू फुटलं.

हे सगळं मी वरिष्ठांना लिहून कळवलं. शेतात माणूस जसा फवारतो, त्या उन्हात, त्या मिश्रणानं, तशी तपासणी झाल्याशिवाय औषधाला सुरक्षित म्हणू नये, असंही लिहिलं. साहेबांनी कागद परत दिला. "खरं आहे तुमचं. पण आपलं काम बाटलीपुरतं."

त्या माणसाच्या चौकशी अहवालात कारण आजही तेच आहे: सुरक्षा साधनांचा वापर केला नाही. शेतात जायच्या आदल्या दिवशी ते मीच लिहिलं होतं. खाली सही माझी आहे.