रूम नव्हे, घर

फोन आला तेव्हा मी बांगडे तळत होते. गावाहून प्रशांत बोलत होता. "काकी, आई गेली." मी म्हटलं, "आजच? तिकीट तर शनिवारचं आहे ना?" त्याच्या मागून कुणाचं तरी रडणं ऐकू आलं. मला वाटलं होतं, विमानतळाकडे निघाल्या. मग कळलं. गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले. वहिनींची खोली मी सकाळीच झाडून ठेवली होती, पलंगावर धुतलेली चादर घातली होती. ती चादर तशीच आहे.

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. नाव सुमती, पण दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या गल्लीत ते कुणाला ठाऊक नव्हतं. कोपऱ्यावरचा मल्याळी दुकानदारसुद्धा त्यांना वहिनी म्हणायचा. त्याला वाटायचं ते त्यांचं नावच आहे. प्रशांत त्यांचा मुलगा, एकुलता एक, इथेच जन्मलेला, आता दुबईत ऑफिसात आहे. वहिनींचे यजमान, आमचे थोरले भावजी, सुतार होते. ते आले तेव्हा आमच्याकडचे पुरुष एकटे यायचे, दोन वर्षांनी गावी जायचे आणि पुन्हा एकटे यायचे. बायकोला इथे आणावं हे कुणाच्या डोक्यातही येत नसे. वहिनींनी सासूबाईंना तोंडावर सांगितलं, "वाट बघायला मी रिकामी नाही. मी जाते." सासूबाई पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. वहिनींना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना पटकन कशाचं काही वाटत नसे, हा त्यांचा मोठा गुण, आणि घरात भांडणं व्हायची तीही त्यामुळेच.

तेव्हाचं अजमान मी पाहिलेलं नाही, त्यांच्याकडून ऐकलं. समुद्र, वाळू, बकऱ्या आणि मोजकी घरं. यांची दोन खोल्यांची जागा, सिमेंटच्या विटा आणि वर पत्रे. दार नव्हतं. पहिले काही दिवस गोधडी टांगली होती. मग भावजींनी दुबईत रास अल खोरला कामाला होते त्या वर्कशॉपमधून मशीन आलेल्या खोक्याच्या फळ्या आणल्या आणि दार केलं. त्यावर काळ्या रंगाचा मोठा बाण होता, ही बाजू वर ठेवा असं सांगणारा. दार लावताना फळी उलटी लागली. बाण जमिनीकडे. भावजी म्हणाले, काढून नीट लावतो. वहिनी म्हणाल्या, "राहू दे. बरोबर दाखवतोय. इथेच राहायचं आहे." येणारा-जाणारा हसायचा. पुढे पक्कं घर झालं, चांगलं दार आलं, तरी ती फळी त्यांनी मोरीत साबण ठेवायला लावून घेतली.

एकदा वादळात पत्रे उचलायला लागले. भावजी कामावर. वहिनींनी पाण्याच्या भरलेल्या पिंपाला दोर बांधला, त्याचं दुसरं टोक पत्र्याच्या लाकडाला, आणि स्वतः पिंपावर बसून राहिल्या. प्रशांत तेव्हा पोटात. घरमालकीण, उम्म सालेम म्हणायचे तिला, ती तोंडावर कापड घेऊन धावत आली आणि तीही पिंपावर बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. वहिनी सांगायच्या, "ती काहीतरी देवाचं म्हणत होती, मी तिला म्हणत होते सरक जरा पलीकडे." त्या दिवसापासून उम्म सालेमने भाडं वाढवताना आधी खजूर पाठवायचा नेम ठेवला. खजूर आले की वहिनी म्हणायच्या, "आली बया."

मी लग्न होऊन आले ती बऱ्याच वर्षांनी. रात्रभर रडून डोळे सुजलेले. वहिनींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोकमं आणलीस का गो?" मी मान हलवली. "बरं. रडायचं तर मोरीत जाऊन रड, पण लवकर आटप. पाणी टँकरचं आहे." मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. आईची आठवण आली की मी मुद्दाम मोरीत जाऊन बसायचे. बाहेरून आवाज यायचा, "धाकटे, झालं का? खलास कर आता, भाकऱ्या कोण करणार?" ... आता त्या आवाजासाठी मी मोरीत जाऊन बसले तरी काय उपयोग.

भावजींच्या वर्कशॉपची पोरं शुक्रवारी सुट्टीला जेवायला यायची. पुढे दुबईतल्या सोनापूरच्या मजूर कॅम्पातली आमच्या भागातली पोरंही यायला लागली. जेवून उठली की म्हणायची, "चला वहिनी, रूमवर जातो." इथे सगळे असंच बोलतात. राहतो ती रूम, मग दोन खोल्या असोत की बंगला असो. आणि घर म्हणजे गाव. घरी पैसे पाठवले, सुट्टीला घरी जाणार, घरी पाऊस लागलाय. मीही तसंच बोलते. वहिनींना ते मुळीच खपायचं नाही. "रूम काय रूम? हॉटेलात उतरलायत काय? जिथे तुझा टॉवेल वाळतो ते घर." पोरं हसायची. एक जण म्हणाला, "वहिनी, टॉवेल तर दोरीवर वाळतो. बारा जणांचे एकाच दोरीवर." वहिनी म्हणाल्या, "मग तेरावा माझ्याकडे आणून वाळत घाल." त्याने खरंच आणला. पुढे कितीतरी शुक्रवार आमच्या गच्चीवर परक्या पोरांचे टॉवेल असायचे आणि आमच्या साड्यांना जागा नसायची.

पण गावच्या बाबतीत त्याही लोकांसारखंच बोलायच्या. "घरी फोन लाव रे प्रशांत," म्हणजे गावी. सगळा घोटाळा तिथे झाला.

भावजी तर कधीच गेले होते, गेल्या वर्षी वहिनींना झटका आला. उजवी बाजू गेली, शब्द कमी झाले. हॉस्पिटलात दोन दिवस नुसत्या बघत होत्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "घरी न्या." पुन्हा पुन्हा तेच. प्रशांत बाहेर येऊन भिंतीला टेकला. म्हणाला, "काकी, तिला गावी जायचंय. आयुष्यभर इथे राबली, आता एवढं तरी करायला हवं." आमच्या यांनाही तेच वाटलं, मलाही. म्हातारं माणूस घरी न्या म्हणालं की दुसरा अर्थ कोण काढतो? प्रशांतची मुलगी तेवढी म्हणाली, "बट आजी'ज होम इज हिअर." आम्ही तिला गप्प बसवलं.

त्यांना गावी नेलं. मी सोबत गेले. तिकडे आता स्लॅबचं घर आहे, सगळ्यात हवेशीर खोली त्यांना दिली होती, करायला बाई ठेवली होती. शेजारपाजार बघायला आला. वहिनी सगळ्यांना ओळखत होत्या, मान हलवत होत्या. चार दिवसांनी माझा हात धरून म्हणाल्या, "धाकटे, बघून झालं सगळ्यांना. घरी कधी जायचं?"

मी म्हटलं, "वहिनी, घरीच आहात."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. तोंड वाकडं झालं होतं, त्यामुळे हसल्या की चिडल्या ते कळलं नाही. म्हणाल्या, "हे सासऱ्यांचं. माझं सांग."

प्रशांत आम्हाला पोहोचवून दुबईला परतला होता, त्याला मी त्याच संध्याकाळी फोन केला. म्हटलं, तुझी आई 'घरी' म्हणत होती ते अजमानला. तो रडायला लागला. मग म्हणाला, "काकी, मी तिला तिच्या घरातून उचलून नेलं..." मी म्हटलं, आता रडू नकोस, परत न्यायचं बघ. पण ते सोपं नव्हतं. तिकडचे डॉक्टर विमानात बसू द्यायला तयार होईनात. जास्त महिने बाहेर राहिलं की व्हिसा रद्द होतो, ती वेगळी धास्ती. आणि इथे आमच्या यांचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं, मला परतणं भाग होतं. निघताना मी त्यांच्या पलंगाशी उभी राहिले. वहिनी म्हणाल्या, "जा पुढे. मी येते मागून. इन्शाल्ला म्हण." मी म्हटलं, "इन्शाल्ला." शेवटी डॉक्टर तयार झाले. व्हीलचेअरचं सांगून प्रशांतने तिकीट काढलं आणि आणायला स्वतः गेला. त्याने आईला तिकीट दाखवलं. मोबाइलवरचं होतं, त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक, पण त्यांनी बाईकडून केस विंचरून घेतले आणि अंगावर बाहेर जायची साडी मागितली. शनिवारला अजून तीन दिवस होते. त्या त्याच साडीत बसून राहिल्या. त्याच साडीत गेल्या.

प्रशांत दिवस करून आला. मला म्हणाला, "काकी, घर सोडून आमच्याकडे दुबईला चला दोघं." मी नाही म्हटलं. कागदावर हे घर उम्म सालेमच्या पोरांचं आहे, आज ना उद्या पाडतीलच. पाडेपर्यंत आम्ही आहोत.

वहिनींची आणखी एक गोष्ट मला या दिवसांत चिकटली आहे. आमच्या नाक्यावर पूर्वी गोड्या पाण्याची टाकी होती. ती काढली, तिथे औषधाचं दुकान झालं, वर सहा मजले चढले. वहिनी मात्र कुणालाही पत्ता सांगताना टाकीच सांगायच्या. दुकानाचं नाव घ्या म्हटलं की म्हणायच्या, "दुकानं बदलतात." मला हसू यायचं. परवा शारजाहून एकटी येत होते. टॅक्सीवाला पेशावरचा, म्हातारा. त्याने विचारलं, "अम्मा, अजमान में किधर?" माझ्या तोंडून निघालं, "टंकी के पास." त्याने गाडी काढली. नाका आला तशी मी म्हटलं, "बस, इधर." त्याने मागे वळून पाहिलं. "टंकी तो उधर सामने थी," तो म्हणाला, "मैं पानी भरता था वहाँ." आणि गाडी थोडी पुढे घेऊन त्याने औषधाच्या दुकानासमोर, बरोबर टाकीच्या जागी उभी केली.