मोडीतला साबण

आता माझ्या अकलेचे वाभाडे मीच काढायचे, तर चहा तरी पुरता पिऊ द्या. आणि मधे हसू नका. मी काही हसवायला सांगत नाहीये, जे झालं ते सांगतोय.

मी टूलरूमचा माणूस. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात साचे बनवतो. बादल्यांचे, झाकणांचे, पंख्याच्या पात्यांचे. केसाएवढा फरक पडला तरी माल परत येतो, असलं काम. त्यामुळे घरात माझा थोडा रुबाब असायला हवा. आहे असं मी धरून चालतो.

तर आमच्या मेधाने घरी साबण करायचं मनावर घेतलं. ओट्यावर खोबरेल आलं, एरंडेल आलं, कॉस्टिक सोडा आला, वजनकाटा आला. पोळ्या मागे पडल्या. आणि नुसता छंद असता तर एक वेळ चाललं असतं! तिची थोरली बहीण सुलभाताई. ताईंच्या ईशाचं केदारशी लग्न ठरलेलं. लग्नात पाहुण्यांना घरचा साबण भेट द्यायचा, असं मेधाने ताईंना कबूल करून टाकलं. ताई रविवारी नमुना बघायला येणार. ताईंना मेधाचं काही म्हणजे काही पसंत पडत नाही. त्यात मीही आलो. म्हणजे बघा, प्रश्न साबणाचा नव्हताच, इज्जतीचा होता!

"आधी थोडंसं करून बघते," मेधा म्हणाली. "छोटे साचे लागतील. दह्याचे प्लास्टिकचे कप धुऊन ठेवलेत, तेच घेते."

दह्याचे कप! साचेवाल्याच्या घरात!

"मी आणतो साचा," मी म्हटलं. "तू फक्त बघ."

"अहो, पण कशाचा..."

"ते माझ्यावर सोड!"

ते वाक्य तिला पुरं करू दिलं असतं, तर आज तुमच्याशी क्रिकेटवर बोलत बसलो असतो.

साहेबांना विचारून भंगारातला ॲल्युमिनियमचा एक ठोकळा घेतला. त्यात लंबगोल खळगे पाडले. आत पॉलिश असं केलं की वाकलं की आपलं नाक दिसावं. तळाशी सुबक अक्षरात कोरलं, 'मेधा'. शेजारच्या मशीनवरचा हसमुखभाई लांबूनच म्हणाला, "वाह मोरेभाई, आ तो दागीनो छे!" दागिनाच तो. मी फडक्यात गुंडाळून घरी आणला.

शनिवारी संध्याकाळी मेधा मिश्रण घोटून तयार. मी फडकं बाजूला करून साचा पुढे केला.

"कशाचा आहे हा?"

"आधी ओत! घट्ट होतंय बघ!"

तिने ओतलं. थोड्या वेळात खळग्यांतून बारीक बुडबुडे यायला लागले. मग मोठे. मी टाळी वाजवली.

"बघ! फेस आला! तुझा साबण झालासुद्धा!"

"अहो, साबणाला फेस पाण्यात येतो. साच्यात नाही."

फेस वर येत होता. पांढऱ्याचा करडा झाला. मी साच्याला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. चांगलाच तापला होता.

"कशाचा आहे साचा?" मेधाने पुन्हा विचारलं. या वेळी आवाज वेगळा.

"ॲल्युमिनियमचा. पॉलिश तर..."

"खिडकी उघडा! गॅलरीचं दार उघडा! कॉस्टिकला ॲल्युमिनियम चालत नाही, हेच तर मी सांगत होते!"

हातमोजे घालून तिने तो दागिना गॅलरीत नेऊन ठेवला. तिथे तो बराच वेळ फसफसत होता. आता तुम्ही म्हणाल, एवढा टूलरूमचा माणूस, तुला हे माहीत नव्हतं? होतं की! कारखान्यात कॉस्टिकने ॲल्युमिनियम खरवडून निघताना मी ढीगभर वेळा बघितलंय. पण मला वाटलं, ते कारखान्याचं कॉस्टिक. घरचं जरा सौम्य असेल.

रविवारी सकाळी रबरी हातोडीने ठोकून ठोकून एक वडी सबंध बाहेर आली. करडी, भोकाभोकांची, पाय घासायच्या दगडासारखी. मेधाने ती हातमोज्यात धरून उजेडात नेली.

"हे खाली काय लिहिलंय?"

"तुझं नाव."

"माझं? कुठून वाचायचं?"

मी वाकून बघितलं. अक्षरं उलटी! साच्यात अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते मालावर सुलटं उमटतं. शिकाऊ मुलांना आम्ही हे पहिल्याच दिवशी शिकवतो. म्हणजे, मीच शिकवतो.

तेवढ्यात बेल वाजली. ताई!

लपवायला वेळच नव्हता. मेधाने वडी घाईघाईने बशीत ठेवली. ताई आत आल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही, थेट बशीवर वाकल्या. मी मान खाली घातली.

"अय्या!" ताई म्हणाल्या. "मोडी!"

मी मान वर केली.

"भाऊजी, मोडीत कोरलंत? आणि हा दगडी रंग! किती दरबारी वाटतं!" ताईंचे आजेसासरे संस्थानात कारकून होते. ताई सांगताना 'दरबारात होते' एवढंच सांगतात.

"ताई, अगं ते..." मेधाने तोंड उघडलं.

"मोडीच!" मी म्हटलं. "म्हटलं, जरा काहीतरी वेगळं."

काय करणार? इतक्या वर्षांत ताईंनी पहिल्यांदा माझं कौतुक केलं होतं! तुम्ही असता तर खरं बोलला असता? बोलला असता? मग तुम्हाला ताई माहीत नाहीत.

"सगळे अस्सेच हवेत," ताई म्हणाल्या आणि हात पुढे केला. मेधाने बशी ओढून घेतली. "हात लावू नकोस, तो अजून कच्चा आहे." ताई खुशीत होत्या. "नाव मात्र 'ईशा केदार' घाला हं. मोडीतच!"

त्या गेल्यावर मेधाने दार लावलं.

"तुम्हाला मोडी येते?"

"नाही."

"मग?"

"उलटं येतं."

पुढचे साचे प्लास्टिकचे केले. कशाचे करायचे ते या वेळी विचारून घेतलं. आणि 'ईशा केदार' मुद्दाम सुलटं कोरायला बसलो. हसमुखभाई धावतच आला. "मोरेभाई! अक्षर सीधा कोतर्या! उंधा जोईए!" उलटी हवीत म्हणे.

"आ वखते सीधाच जोईए," मी शांतपणे म्हटलं.

त्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

साबण मात्र मेधाने असा केला की विचारू नका. रंगाला करवंटीच्या कोळशाची पूड, वासाला खस. आठवडे न आठवडे वाळवून, पातळ कागदात बांधून वड्या हॉलवर पोचल्या. ताई प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगत होत्या, "मोडी आहे हं, मोडी." लोक मान डोलवत होते. मला वाटलं, सुटलो.

मग ताईंनी अप्पांना आणलं. अप्पा म्हणजे केदारचे आजोबा. जन्मभर त्यांनी जुने मोडी कागद वाचले. हे मला त्याच क्षणी कळलं.

अप्पांनी चष्मा पुसला. वडी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आडवी केली.

"ही मोडी नाही."

"जुनी असेल," मी म्हटलं.

"जुनीच वाचली मी आयुष्यभर."

"त्याहून जुनी."

अप्पा चिवट निघाले. "वाचता येत नाही तर वापरून तरी बघू," म्हणत बेसिनकडे गेले. बेसिनवर आरसा. हा आरसा कुठल्या शहाण्याने तिथे लावला कोण जाणे! अप्पांनी वडी भिजवायला उचलली, समोर बघितलं आणि थांबले.

"ईशा केदार!" खणखणीत आवाजात वाचलं त्यांनी. "अहो, ही तर चक्क बाळबोध अक्षरं! उलटी!"

झालं! अख्खा मांडव बेसिनपाशी. जो तो आरशाला वडी दाखवतोय आणि वाचतोय. मुलं किंचाळतायत. फोटोवाला नवरानवरीला सोडून इकडे आला. मेधा भिंतीला टेकून पदर तोंडात धरून उभी. ताई माझ्याकडे बघत होत्या. त्या कशा बघत होत्या, ते राहू दे.

अप्पा हात पुसत जवळ आले. रागावलेले अजिबात नव्हते. उलट हळुवारपणे माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"गंमत चांगली केलीत. आपण करता काय?"

 खोटं बोलायची ताकद आता संपली होती.

"साचे बनवतो," मी म्हटलं. "टूलरूमला आहे."

अप्पांनी हातातल्या वडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वा, छान," ते म्हणाले. "आणि पोटापाण्यासाठी काय करता?"