शेरूच्या रक्ताळलेल्या पंजांवर हसणारा डॉक्टर

मंडळी, आज डोकं फिरलंय.

बाबा गेल्यापासून आमचा कुत्रा शेरू एकटा राहतच न्हाई. मी शाळेत शिकवायला निघाले, की पंजातून रक्त येईपर्यंत दार ओरबाडतो. म्हणून आज त्याला वसमतला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर हसला. "म्याडम, कुत्र्याला कसलं आलंय टेन्शन? लांब माळावर सोडून द्या अन् दुसरं पिल्लू आणा."

त्यानं पंजे बघितलेसुद्धा न्हाईत. शेरू माझ्या पदरात तोंड खुपसून थरथरत होता. त्या माणसाची अक्षरशः किळस आली. तशीच उठले.

घरी येऊन परभणीच्या एका डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, हा खरा आजार हाय, बरा होतो. रविवारी घेऊन या."

सांगा बरं, जनावराच्या तकलीफीचं ज्याला हसू येतं, तो जनावरांचा डॉक्टर काहून झाला असंल?